ट्यूबवर बसून चिलापी: बुडालेल्या बाभळीतला मासा गळाला कसा लावायचा?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या बाजूला बॅकवॉटरमध्ये जुन्या बाभळी पाण्यात उभ्या आहेत, काठापासून ३०-४० फुटांवर. चिलापी (तिलापिया) सगळी त्यांच्या बुडाशी. काठावरून टाकलेला गळ तीनातून दोनदा फांदीत जातो, ओढला की तंगूस (नायलॉनची दोरी) तुटतं. अमेरिकेत क्रॅपी नावाचा मासा लोक फ्लोट ट्यूबमध्ये बसून, पाय पाण्यात सोडून, थेट झुडपाजवळ जाऊन धरतात, तसं इथं जमेल का?
हाताशी आहे ते असं: ट्रकची ९००-२० ची ट्यूब (दोन पॅच आहेत), साडेसहा फुटी रॉड, २५०० चं रीळ, ०.३० मिमीचं तंगूस. वजन ७८ किलो, पोहता येतं.
विचारायचंय ते: १) ट्यूबला बसायची सोय कशी करायची? २) क्रॅपीचं जिग (शिशाच्या डोक्याचा बनावट चारा) चिलापीला चालतं का? ३) ट्यूबवरून मरळ किंवा कटला लागला तर काय होतं? दिवाळी झाली, पाणी निवळलंय, आता सुरुवात करावी म्हणतो.

सिंदफणा
आधी ट्यूब, मासा नंतर.
दोन पॅचची ट्यूब मासेमारीला घेऊ नका. टायरच्या आत ट्यूब चारी बाजूंनी दाबलेली असते, पॅचवर ताण येत नाही. उघडी फुगवली की रबर ताणतं आणि जुन्या पॅचची कड सुटायला लागते. नवी घ्या किंवा एकही पॅच नसलेली घ्या. फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्हचं बूड तपासा. गळती बहुतेक वेळा तिथंच निघते.
माप ९००-२० किंवा १०००-२० च योग्य. ९००-२० मध्ये साधारण सव्वाशे लिटर हवा मावते, म्हणजे पूर्ण बुडाली तर सव्वाशे किलो उचलेल. तुमचं ७८ किलो वजन तिच्यावर पूर्ण येतच नाही, कमरेखालचं अंग पाण्यात असतं आणि ते पाणीच उचलतं. त्यामुळं ट्यूब अर्धीसुद्धा बुडत नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची ६.००-१६ स्वस्तात मिळते म्हणून कुणी घेतं, तिच्यात जेमतेम ३५-४० लिटर हवा मावते, ती लहान पोरांना डुंबायला ठीक. मागच्या चाकाची १३.६-२८ उलट टोकाची: तीनशे लिटर, मधलं भोक सव्वादोन फुटांचं, वाऱ्यात शिडासारखी पळते आणि तिच्यावरून हात पाण्यापर्यंत पोचत नाही.
व्हॉल्व्ह हा या ट्यूबचा खरा वैताग. ट्रकच्या ट्यूबचा पितळी, वाकडा व्हॉल्व्ह आतल्या कडेला असतो, म्हणजे नेमका तुमच्या पोटात किंवा बरगडीत. तो मागं, पाठीच्या टेकूखाली येईल अशी ट्यूब फिरवा, टोपण घट्ट लावा, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि फोमची गादी बांधा.
कव्हर जाड कॅनव्हासचं शिवून घ्या. ताडपत्री नको, बाभळीचा काटा तिच्यातून सुईसारखा जातो. खरं म्हणजे काटा कॅनव्हासमधूनही जातो, म्हणून बाहेरच्या गोलाईवर कॅनव्हास आणि ट्यूबच्या मधे जुन्या ट्यूबच्या ४ इंची पट्ट्या किंवा टायरचा जुना फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) कापून बसवा. फ्लॅप जड असतो, पण बाभळीत जायचं तर तोच कामाचा. कव्हरचा दुसरा फायदा असा की ट्यूब ठरलेल्या मापापलीकडं फुगत नाही, आकार टिकतो.
बसायला एक फूट रुंद कॅनव्हासची झोळी, दोन्ही बाजूंनी दोन इंची नायलॉनच्या पट्ट्यानं कव्हरला शिवलेली, आणि झोळीच्या मधून पुढं येणारा एक पट्टा दोन मांड्यांमधून वर. या पुढच्या पट्ट्याला झटक्यात सुटणारं बकल हवंच. ट्यूब उलटली तर झोळीतून खाली निसटता येत नाही, बकल दाबलं की पाय मोकळे. उथळ पाण्यात, कमरेइतक्या, डोळे मिटून दहा वेळा बकल सोडून बघा. गाठ मारून बसणं म्हणजे स्वतःला बांधून घेणं.
झोळीची उंची अशी की पाणी बेंबीच्या थोडं खाली यावं. खोल बसलात तर छाती पाण्यात, रॉड उचलता येत नाही, थंडी भरते. उंच बसलात तर वजन वर जातं, मासा बाजूला ओढायला लागला की कलंडायला होतं.
पाठीमागं स्कूटरची ३.५०-१० ची ट्यूब वेगळ्या कप्प्यात. तिच्यात साडेसहा-सात लिटर हवा असते, मोठी ट्यूब फुटली तर डोकं वर राहायला एवढी पुरते. पण ती लाइफ जॅकेटच्या ऐवजी नाही, जॅकेटच्या जोडीला आहे ती. जॅकेटवर ५० न्यूटन लिहिलं असेल तर ते फक्त पोहणाऱ्याला मदत करतं, १०० न्यूटनचं घ्या. फुगीर नको, फोमचं.
हवा पाण्याशी जाऊनच भरा, पायपंपानं. पहाटे पंचवीस अंशांना टम्म भरलेली ट्यूब उन्हात ६० अंशांना गेली तर आतली हवा साधारण १२ टक्के जास्त जागा मागते. काळं रबर काठावर अर्धा तास उन्हात ठेवलं तर एवढं तापतं. म्हणून मधे मासे टोपलीत टाकायला काठावर आलात तर ट्यूब पाण्यातच ठेवा किंवा सावलीत. उलट, तापलेली ट्यूब थंड पाण्यात गेली की मऊ पडते, ती पंक्चर नाही, घाबरू नका.
पायात पोहण्याचे आखूड फिन (रबरी पंजे), घोट्याला दोरीनं बांधलेले. गाळात एक फिन रुतून निघाला की दुसऱ्यानं नुसतं गोल गोल फिरणं होतं. पाण्यात शिरायचं ते उलटं, पाठमोरं चालत. फिन घालून पुढं चाललं की टोक दुमडतं आणि माणूस तोंडावर पडतो.

गळगाणं
सिंदफणा भाऊंनी ट्यूबचं सगळं सांगितलं, मी माशाचं सांगतो.
क्रॅपी आणि चिलापी दोघं झुडपात राहतात, एवढंच साम्य. क्रॅपी उत्तर अमेरिकेतला, आपल्याकडं तो नाही. तो बारीक मासे नि किडे खातो, डोळे वर लावून उभा असतो, म्हणून ते लोक जिग त्याच्या डोक्याच्या वर थांबवतात. त्याच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ, जोरात हिसका दिला की फाटते, म्हणून त्यांचं सगळं हलकं: एक-दोन ग्रॅमचं जिग, दोन-तीन किलोचं तंगूस.
आपली चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. ती मुख्यत्वे शेवाळ, कुजका पाला, गाळातलं बारीकसारीक खाते. ओठ जाड, तोंड लहान. रिकाम्या जिगवर ती क्वचितच येते. एक अपवाद आहे, तो पुढं.
आणि वेळापत्रक उलटं आहे, हे नीट लक्षात घ्या. क्रॅपी काठाला येतो वसंतात, पाणी १६ ते २० अंश झालं की, आणि ते व्हिडिओ बहुतेक त्याच दिवसांतले असतात. आपल्याकडं एवढं थंड पाणी डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा चिलापीचं खाणं जवळजवळ बंद. तिला २५ च्या वर पाणी लागतं. म्हणजे दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे चांगले, मग थंडी ओसरली की फेब्रुवारीच्या शेवटापासून पुन्हा. थंडीत जायचंच तर पहाटे जाऊ नका, सकाळी दहा ते दुपारी तीन. सूर्य वर आला की उथळ भागातलं वरचं पाणी दोन-तीन अंश तापतं आणि चिलापी खोलातून वर सरकते.
मांडणी अशी: तंगूस ०.१८ किंवा ०.२०, ०.३० फार जाड. गळ १० किंवा १२ नंबरचा, लांब दांडीचा, म्हणजे लहान तोंडातून काढता येतो. गळाच्या वर वीतभर अंतरावर अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा मणी. फ्लोट (तंगुसावरचा तरंगता तुकडा) एक-दीड ग्रॅमचा. बाजारातला नसेल तर ज्वारीच्या वाळक्या धाटाचा दोन इंची तुकडा सोलून, दोन्ही टोकांना मेण लावून घ्या, त्याहून नाजूक फ्लोट नाही. शिसं इतकं लावा की फ्लोटचं टोक फक्त एक सेंटिमीटर वर राहील. जास्त वर असलं की मासा ओढताना अडतो आणि चारा थुंकतो.
आता ट्यूबचा उपयोग. झुडपात शिरायचं नाही. रॉड साडेसहा फूट आणि हात मिळून आठ-नऊ फुटांवर थांबायचं, आणि चारा दोन फांद्यांच्या मधल्या मोकळ्या भोकात सरळ वरून खाली सोडायचा. फेकायचं नाहीच. ही एक गोष्ट काठावरून कधी जमत नाही, ट्यूबची सगळी कमाई यात आहे. बुडाला लागल्यावर वीतभर वर घ्या आणि फ्लोट तिथं बांधा. दहा मिनिटं काही नाही तर पुढचं भोक. एकाच झाडाला सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू अशा दोन्ही बघा, थंडीत उन्हाच्या बाजूला, एप्रिलमध्ये सावलीला.
ऊन समोर घ्या, म्हणजे ट्यूबची सावली तुमच्या मागं पडेल. आणि फिन ढवळू नका. काळ्या मातीचा गाळ एकदा उठला की लवकर बसत नाही आणि त्या झाडाखालचा मासा तेवढ्या वेळापुरता गेला म्हणून समजा. पाच फुटांपेक्षा उथळ पाण्यात पाय नुसते लोंबते ठेवून घोट्यातून हलवायचे.
चाऱ्यासाठी एक वाटी कणीक, पाव वाटी शेंगदाणा पेंडेची पूड आणि सुपारीएवढा कापूस. कापूस तंतू तंतू सोडवून कणकेत मळा. पाणी अगदी कमी, पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट. कापसामुळं गोळी पाण्यात पंधरा-वीस मिनिटं गळाला धरून राहते, नाहीतर दुसऱ्या टोचीला उडते. गोळी तुरीच्या दाण्याएवढी, त्याहून मोठी नको. गांडूळ असेल तर दोन सेंटिमीटरचा तुकडा, टोकापलीकडं पाव इंच लोंबता, बस.
माशाला जागेवर बोलवायला करडईची पेंड आणि गव्हाचा कोंडा सारखा, मिळून दोन मुठी, जुन्या मोज्यात दगडासह बांधून झाडापासून चार फुटांवर सोडा. जास्त टाकलं की मासा तिथंच पोट भरतो.
आता अपवाद. गरम दिवसांत नर चिलापी उथळ पाण्यात परातीएवढा गोल खड्डा करून त्यावर पहारा देतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कोरड्या गाळात हे खड्डे रांगेनं दिसतात, कुठल्या काठाला पुढच्या साली बसायचं ते तेव्हाच बघून ठेवा. खड्ड्यावरचा नर भुकेनं नाही, रागानं तोंड मारतो, तिथं एक ग्रॅमचं छोटं जिग खड्ड्यात टेकवून हललं की लागतो. मादी त्या काळात अंडी नि पिल्लं तोंडात धरून असते, ती खात नाही. म्हणून त्या दिवसांत गळाला बहुतेक नरच येतात.

थर्माकोल_बोटीवाला
एवढा खटाटोप कशाला राव? आमच्याकडं भोई लोक थर्माकोलवर बसून जाळी टाकायलेत, वर्षानुवर्षं. चार फूट बाय तीन फूट, सहा इंच जाड, पोत्यात शिवला की झालं. काटा लागला तरी हवा जायचा प्रश्नच नाही.

सिंदफणा
काट्याचं बरोबर आहे. पण थर्माकोलवर तुम्ही पाण्याच्या वर बसता, वजन उंच. भोई दोन्ही हातांनी वल्हवतो आणि जाळं ओढताना गुडघ्यावर तोल सांभाळतो, तो लहानपणापासूनचा सराव आहे. आपल्या हातात रॉड. ट्यूबमध्ये पाय पाण्यात असल्यामुळं वजन खाली राहतं आणि दोन्ही हात मोकळे. शिवाय पोतं फाटलं की थर्माकोलचे मणी पाण्यावर पसरतात आणि मासे ते खातात. तळं लहान, सपाट, काट्याचं असेल तर थर्माकोल चालेल, वाद नाही.

मांजराकाठ
गळगाणं, ०.२० लावून, कणीक-कापूस घेऊन काठावरच आधी बघितलं. फ्लोट टुचटुच हलतो, हिसका दिला की रिकामा. दहात एक लागतो. वरच्या अंगाला हिसका देतोय, चुकतंय का?

गळगाणं
तीन कारणं असतात, क्रमानं काढत जा.
पहिलं, गोळी मोठी. चिलापी कडेकडेनं कुरतडते, गळापर्यंत पोचतच नाही. गोळी अर्धी करा, टोक उघडं राहिलं तरी चालेल.
दुसरं, घाई. टुचटुच म्हणजे खाणं नाही, चाचपणं. फ्लोट आडवा सरकायला लागला किंवा उलट वर येऊन आडवा पडला, तेव्हा. वर येतो त्याचा अर्थ चिलापीनं चारा उचलला आणि शिशाचं वजन तिच्या तोंडावर गेलं. ही खूण बऱ्याच जणांना माहीत नसते, ते फ्लोट बुडायची वाट बघत बसतात.
तिसरं, रॉडपासून फ्लोटपर्यंत तंगूस ढिलं. ट्यूब वाऱ्यानं सरकत असेल तर हे हमखास होतं.
एवढं करूनही टुचटुच चालूच असेल तर खाली बोटभर पिल्लं आहेत. जागा बदला, ती हटत नाहीत.
हिसका वर नका देऊ. ट्यूबमध्ये बसल्यावर गळ तुमच्या तोंडापासून आठ फुटांवर असतो. चुकला की थेट फांदीत, नाहीतर गालात, नाहीतर ट्यूबमध्ये. रॉडचं टोक पाण्यालगत ठेवून बाजूला, मोकळ्या पाण्याच्या दिशेला, सहा इंच ओढा. मासा लागला तर त्याच ओढीत झाडापासून लांब निघतो. लगेच दोन-तीन फिन मारून तुम्हीही मागं या. चिलापी पहिल्या दोन सेकंदांत बाहेर काढली नाही तर बुंध्याला गुंडाळते.

पूर्णाकाठ
वरचं सगळं वाचलं. माशाबद्दल बोलणं झालं, आता ज्यानं माणूस जातो त्याबद्दल.
परवानगी: धरणं नि तलाव मत्स्यव्यवसाय संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. ज्यांच्याकडं ठेका आहे त्यांना विचारून, त्यांची पावती असेल तर घेऊन पाण्यात उतरा. नाथसागराचा (जायकवाडी धरणाचा) परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनविभागाच्या परवानगीशिवाय ट्यूब टाकायची नाही, आणि हिवाळ्यात तर परदेशी पक्ष्यांच्या थव्यात मुळीच नाही.
जाळी: फिन घातलेला पाय फासजाळ्यात गेला की फिनमुळं सुटत नाही, जितका हलवाल तितका गुंततो. रिकाम्या पाण्याच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले की तिथं जाळं आहे. त्या रांगेवरून जायचं नाही, वळसा घाला. जाळी संध्याकाळी टाकतात, सकाळी उचलतात, म्हणून अंधारात किंवा फटफटायच्या आत उतरू नका. जॅकेटवर छातीशी गोल टोकाची छोटी सुरी बांधलेली असू द्या. खिशात नको, खिसा पाण्याखाली असतो. आणि दुसऱ्याचं जाळं कापायची वेळ आली तर नंतर जाऊन भरपाई द्या.
मोटारी: बॅकवॉटरच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, काही तराफ्यावर, केबल पाण्यातून गेलेली. जोड कुठं उघडा असेल सांगता येत नाही. चालू मोटारीच्या आणि केबलच्या जवळ ट्यूब नेऊ नका, मी किमान शंभर फूट म्हणतो. पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं की आलात त्याच दिशेनं मागं फिरा.
विहिरी: धरणाच्या पोटात बुडालेल्या गावांच्या विहिरी आहेत. काठानं चालत उतरताना गुडघ्याएवढं पाणी असतं आणि पुढचं पाऊल तीस फुटांत जातं. म्हणून उतरताना ट्यूब अंगात घालूनच, पाऊल पडणार तिथं आधी काठी टेकत.
वारा: फिन मारून ट्यूब फार तर ताशी एक-दीड किलोमीटर जाते. उघड्या पाण्यावर दुपारचा वारा सुटला तर तुम्ही वाऱ्याच्या मर्जीनं. त्यामुळं सुरुवातीला वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, दमलात तर वाराच परत आणेल. काठापासून दीडशे फुटांच्या पुढं नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी पश्चिमेला ढग काळे व्हायला लागले की वळवाची वाट न बघता बाहेर. पाण्यावर कार्बनचा रॉड उभा धरून बसलेला माणूस म्हणजे विजेला दिलेलं बोलावणं.
कालव्याचं तोंड, सांडवा, दरवाजे आणि जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) यांच्यापासून तीनशे मीटर लांब. आवर्तन (कालव्याचं पाणी) सुटलं की वरून पाणी शांत दिसतं, ओढ खालून असते.
शेततळं: सोपं वाटतं, सगळ्यात वाईट. पाचशे मायक्रॉनच्या प्लास्टिकवर शेवाळ धरलेलं असतं, ओल्या पायानं वर चढताच येत नाही, पट्टीचा पोहणाराही दमून बुडतो. आधी खांबाला बांधून गाठी मारलेला दोर किंवा जुन्या टायरांची शिडी पाण्यात सोडलेली असल्याशिवाय उतरू नका. गळ नि शिशानं अस्तर फाटलं तर मालकाचं पाणी जाईल ते वेगळंच.
काठावर एक माणूस हवा. मोबाईल प्लास्टिकच्या पाकिटात, शिट्टी गळ्यात.

गोदाकाठ
मरळ नि कटल्याचं कुणी बोललंच नाही की!
मरळ ट्यूबवरून धरायचाच तर सगळं सामान वेगळं लागतं. ३० पौंडाची ब्रेड (विणलेली) दोरी, ३/० चा गळ, बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष, ताठ रॉड. तो श्वास घ्यायला वर येतो, बेशरमीच्या आणि जलपर्णीच्या कडेला बुडबुडा दिसला की त्याच्या तीन फूट पुढं आमिष टाकून हळू ओढत आणा. तोंड मारल्यावर एक-दोन पर्यंत मोजा, मग हिसका. ट्यूबची अडचण अशी की तुम्ही कुठंही टेकलेले नाही. मरळ वेलीकडं ओढतो तेव्हा तुम्हीच त्याच्याकडं जाता, त्याला वेलीबाहेर आणायला जो जोर लागतो तो पाय टेकल्याशिवाय येत नाही. म्हणून दोन किलोच्या वरचा मरळ दाट वेलीत असेल तर तो काठावरूनच. पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा खळखळताना दिसला तर खाली त्यांचे आई-बाप असतात आणि ते कशावरही तुटून पडतात. ते धरू नका. पिल्लं त्याच दिवशी दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.
कटल्याचं उलट. मोकळ्या पाण्यात कटला ट्यूब ओढत नेतो, आणि ते चांगलंच असतं, कारण तुमच्या वजनाचा ब्रेक लागून तो दमतो आणि दोरीला झटका बसत नाही. पाच किलोच्या दोरीला रिळाचा ड्रॅग (किती ओढीला दोरी सुटायला लागते ते) सव्वा ते दीड किलोवर ठेवा. ताणकाट्याला दोरी अडकवून मोजा, अंदाजानं नाही. तो झाडाकडं वळला तर रॉड उलट्या बाजूला आडवा धरा. मागं रेलू नका, उलटायला तेवढंच लागतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो मधल्या-वरच्या पाण्यात खातो, म्हणून चारा तळाला नको, खोलीच्या निम्म्यावर. रोहू त्याच्या खाली, मृगळ तळाला.
नांगर म्हणून कांद्याच्या जाळीदार गोणीत दोन किलोचा दगड, दोरी खोलीच्या तिप्पट, ट्यूबच्या मागच्या कड्याला सरकगाठीनं, ओढली की सुटणारी. कमरेला बांधू नका. वाहत्या पाण्यात नांगर टाकूच नका, ट्यूबची ती कड पाण्याखाली ओढली जाते.
आणि शिंगटा (मिशांचा मासा) लागला तर कधीही मांडीवर किंवा ट्यूबवर घेऊ नका. त्याच्या छातीच्या दोन नि पाठीचा एक काटा ताठ होतो, ट्यूब आणि तळहात दोन्ही भोकसतो. हातजाळी लांब दांडीची, गळ पकडीनं जाळीतच सोडवा. चिलापीच्या पाठीचे काटेही टोचतात, तिला डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत धरा म्हणजे काटे मिटतात. शिंगट्याचा काटा लागलाच तर जखम स्वच्छ धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवा, ठणका कमी होतो. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार, नवी १०००-२० आणायला सांगितली. एक शेवटचं: एवढं करूनही पाण्यात असताना बाभळीचा काटा ट्यूबमध्ये गेलाच तर?

सिंदफणा
ओढू नका. काटा बसलेला आहे तोवर भोक बऱ्यापैकी बुजलेलं असतं, उपसला की हवा सुरू. फांदीला अडकलेला असेल तर काटा फांदीपासून पकडीनं कापा आणि ट्यूबमध्ये तसाच राहू द्या. रॉड आडवा टाका, हात त्या जागेवर दाबून ठेवा आणि पाठमोरं काठ गाठा. ट्यूबमध्ये दाब फार नसतो, एका काट्यानं ती फुग्यासारखी फुटत नाही, मऊ पडत जाते. दीडशे फुटांच्या आत असाल तर आरामात पोचता.
काठावर कव्हर काढायच्या आधी कॅनव्हासवर आणि ट्यूबवर एकाच रेषेत खडूनं खूण करा. नाहीतर पंक्चरवाला पाण्यात बुडवून एक भोक शोधेल, आणि काट्यांची दोन भोकं असतील तर दुसरं तसंच राहील.